वेणी सोडलेले केस

सरळ

कडावच्या ओढ्यावर जयवंता कळशी घासत होती. राखेनं घासली. चिंचेनं घासली. पाण्यात बुडवून वर काढली, तर कळशीच्या गळ्याला एक केस चिकटलेला. लांब, काळा, सरळ. तो तिचा नव्हता. तिचे केस पदराखाली होते, आणि ते सरळ तर मुळीच नव्हते.

मग दुसरा केस आला. मागोमाग वाऱ्यावर एक कागदाची पुडी आली आणि पुडीमागून एक माणूस आला. डोक्याला पागोटं, अंगात काळा कोट, पायांत जोडे. जोड्यांसकट तो ओढ्यात शिरला.

"धरा—धरा ती! बाई, ती पुडी!"

जयवंतानं पुडी धरली नाही. कळशीवरचा केस तेवढा चिमटीत धरला, त्यावर थू थू केलं आणि पाण्यात सोडून दिला.

"अहो, तो सरकारी केस होता!"

"सरकारला केस बी असतात का?"

तो गडबडला. मग हसला. हसताना त्याचं पागोटं एका बाजूला कललं आणि त्यानं ते दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलं.

त्याचं नाव हिरामण. कर्जतच्या ठेसनाजवळ गोऱ्या साहेबाचा तंबू पडला होता, त्या साहेबाचा हा कारकून. साहेब गावोगावचे केस गोळा करून विलायतेला धाडत असे. सरळ केस, लहरी केस, कुरळे केस, मेंढीच्या लोकरीसारखे केस. कुठल्या लोकांचे कसे, ते लावून ठेवायचं.

"त्यानं काय व्हतं?"

"साहेब म्हणतो, माणसांत किती जाती आहेत ते केसांवरून कळतं."

"ते आमाला केसांबिगर बी कळतं."

हिरामणनं पायातला जोडा काढून त्यातलं पाणी ओतलं. सकाळपासून तो गावात फिरत होता. पुरुष नाही म्हणत नव्हते, पण त्यांच्याकडे शेंडीपलीकडे द्यायला होतं काय? बायका मात्र त्याला पाहिलं की दार लावून घेत.

लावणारच. कडावची बाई विंचरताना गळलेला केससुद्धा वाऱ्यावर सोडत नाही. त्याचं गुंतवळ बोटाला गुंडाळते, त्यावर थुंकते आणि कुडाच्या फटीत खोचते. केस परक्याच्या हाती गेला, की जीव परक्याच्या हाती गेला.

"मग कोणाला देतील?" त्यानं विचारलं.

"न्हावीन मागंल तर देतील."

"आणि न्हावीण कुठं भेटेल?"

जयवंतानं कळशी कमरेवर घेतली.

"तिच्याच कळशीवर तुमी आत्ता केस उडवलात."

लहरी

दुसऱ्या दिवसापासून आबाजी न्हाव्याच्या ओट्यावर काम सुरू झालं, आणि ते असं चाले, की बायका एकेक करून येत, हिरामणकडे पाठ करून बसत, वेणी सोडत, आबाजीची लेक जयवंता मानेजवळची एक बट कापून मागे हात करी, आणि हिरामण ती बट साहेबानं जाड पुठ्ठ्यावर शिवून दिलेल्या नमुन्यांशी धरून पाही—जराशी तिरपी, जराशी उजेडाकडे—आणि म्हणे, "लहरी." मग पुडी बांधी. मग पुढची बाई. "लहरी." आणि दर वेळी बट घेताना त्याची बोटं तिच्या बोटांना… लागत नसत. अगदी थोडक्यात लागत नसत.

"अरं कारकुना," गोदूबाई म्हणाली. गावातल्या साऱ्या म्हाताऱ्यांत तिची जीभ धारदार. "माझा केस बोटीत बसून इलायतेला जानार? मी तर कर्जताच्या पुढं गेले नाय!"

"तुमचा केस नशीबवान, आजी."

"मंग मला बी बांध की पुडीत."

ओटा हसला. जयवंताही हसली, पदराचं टोक दातांत धरून. कपाळ मोकळं असलेल्या बाईनं चारचौघांत किती हसावं, याचं माप गावानं ठरवून दिलेलं असतं. अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं होतं, नेरळला. नांदायला जायच्या आधीच पटकीत नवरा गेला. त्याचा चेहराही तिला धड आठवत नव्हता.

"तुमचा केस राहिला," हिरामण हळूच म्हणाला.

"राहू दे."

"न्हाविणीनंच नाही दिला तर—"

"आधी तुमी पागोटं काढा. रोज बघते, घाम पुसता पर पागोटं काय हलत नाय. आत काय लपवलंय?"

त्याचा हात आपोआप डोक्याकडे गेला. मग उगाचच त्यानं पुड्यांचा दोरा कापायचा चाकू उचलला आणि बोलता बोलता तळहातावर तो पालथा-उलथा फिरवला. पालथा, उलथा. जयवंता त्या हाताकडे बघत राहिली.

"हा हात कारकुनाचा नाय."

चाकू थांबला.

"वस्तरा असा लावतात. माझा बाप लावतो."

"माझा पण," तो अगदी हळू म्हणाला. "खालापूरला. साहेबाला नाय सांगितलेलं."

"का? लाज वाटती?"

"लाज नाही हो! कळलं, तर उद्यापासून साहेबाची दाढी माझ्याच गळ्यात पडेल."

ती इतकी हसली, की गावाचं माप विसरली.

आबाजीनं आतून ते हसू ऐकलं. त्या संध्याकाळी दगडावर वस्तरा घासता घासता तो लेकीला म्हणाला, "जये, पळसदरीचा तो बिजवर पाटाला तयार हाय. दसऱ्याला सुपारी घेऊन येतो म्हनतोय. मानूस वाईट नाय. तीन पोरं हायत."

ती केर भरत राहिली.

"मी जबरी नाय करनार. पर त्यांना 'नाय' म्हनायला काय तरी कारन लागतं, पोरी."

कारण… जयवंतानं फणी उचलली, फणीतलं गुंतवळ काढलं, बोटाला गुंडाळलं. कारण सांगण्यासारखं अजून काही नव्हतं. बोटं तर लागलीही नव्हती.

कुरळे

"उद्या निघायचं," हिरामण म्हणाला.

"कुठं?"

"साहेबाचा तंबू घाटावर निघाला. खंडाळ्याला."

"सगळं झालं?"

"झालं. गाव एका माळेत आलं, सगळं लहरी. साहेब खूश होईल."

"खूश व्हईल?"

"का नाही होणार?"

"एक इचारू?"

"विचारा."

"बाई ओट्यावर बसली, की आधी काय करती?"

"वेणी सोडते."

"पीळ दिलेलं सुंभ सोडवलं, तर लगेच सरळ व्हतं?"

"नाही. वळसे राहतात. ते—"

तो थांबला. पुड्यांकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. पुन्हा पुड्यांकडे.

"म्हणजे… हे सगळं…"

"येनीचे वळसे हायत. न्हाऊन वाळल्यावर बघा. गोदूबाईचे तर झाडूवानी सरळ!"

हिरामण मटकन ओट्यावर बसला. "बापानं जन्मभर डोकी भादरली, पण वेणी… वेणी कधी घातलीच नाय!"

तो आधी हसला, की ती, ते सांगता येत नाही. एकाचं थांबलं, की दुसऱ्याचं सुरू होई. पुठ्ठ्यावरची लहरी बट त्या दोघांच्या मध्ये निमूट पडली होती.

"पुन्हा करावं लागणार सगळं," तो डोळे पुसत म्हणाला. "साहेब जाऊ दे पुढं. मी मागं थांबतो, दसऱ्यापर्यंत तरी." मग त्याच्या कपाळावर आठी आली. "पण तुम्हाला हे कधी कळलं?"

"पयल्याच दिशी."

"पहिल्या दिवशी? मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

जयवंता उठली. झाडलेला ओटा पुन्हा झाडू लागली. त्याच्याकडे पाठ करून म्हणाली,

"पयल्या दिशी तुमी जात नव्हतात."

लोकरी

या प्रकारचा एकही केस कडावात मिळाला नाही. हा कागद कोरा आहे.

त्यानंतर ती दोघं एकमेकांशी जे बोलली नाहीत, ते सारं मात्र यात मावेल.

पुडीबाहेरचे

मग एका सकाळी सगळं गाव ओढ्यावर न्हालं. शिकेकाईच्या फेसानं पाणी पांढरं झालं, आणि बायका केस पाठीवर सोडून उन्हात बसल्या. साळींचा वास, ओल्या केसांचा वास. गोदूबाईचे खरंच झाडूसारखे. हिरामण दूर उंबराखाली बसून जयवंतानं आणून दिलेल्या बटा पुठ्ठ्याशी लावत होता. सरळ. सरळ. कुठं चुकून एखादी लहर.

"राहिलं कोन?" त्यानं विचारलं. आता तो विलायती कारकुनासारखं बोलायचंच विसरला होता.

"न्हावीन राहिली!" गोदूबाई ओरडली. "इतका येळ काय झोपला व्हतास काय रं?"

जयवंता काही बोलण्याआधीच ऊन असतानाच पाऊस आला. जाता जाता मागं वळून बघणारा, भाताला नको असलेला. बायका पुड्या पदराखाली घेऊन धावल्या, हिरामण पुठ्ठा कोटात घालून धावला, आणि सगळे मिळून आबाजीच्या ओट्यावर दाटले. जयवंता शेवटी आली. भिजलेला पदर खांद्यावर घसरला होता, सकाळचं न्हालेलं डोकं पुन्हा निथळत होतं, आणि ती पदर सावरायला गेली तेव्हा… उशीर झाला होता.

हिरामणनं पाहिलं.

भांगाशी केस सरळ होते. कानापाशी त्यांना लाट आली होती. मानेवर त्यांची वेटोळी झाली होती, आणि टोकांना इवल्या इवल्या अंगठ्या, दर अंगठीत पाण्याचा एक थेंब. त्यानं सवयीनं पुठ्ठा उचलला. सरळ बटेशी धरला, लहरीशी धरला. मग खाली ठेवला.

"काय लिवनार?" तिनं विचारलं.

त्यानं पुठ्ठा पालथा केला.

तिनं चाकू उचलला आणि मूठ त्याच्याकडे करून पुढे धरला. "घ्या. उद्यापरवा जायचंच हाय तुमाला. सगळ्यांचे नेलेत… माझा बी न्या."

"मला कापलेले नकोत," हिरामण म्हणाला.

ओट्यावरच्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या.

त्यानं चाकू घेतला. दुसऱ्या हातानं—इतक्या दिवसांत पहिल्यांदा—पागोटं उतरवलं. तुळतुळीत डोकं, आणि त्यावर शेंडी. ती शेंडी खाली पडायलाच तयार नव्हती. बोकडाच्या शिंगासारखी वळून वर उभी होती.

"अगं बया," गोदूबाई म्हणाली, "कुरळा तर हा सापडला!"

हिरामणचे कान लाल झाले. त्यानं शेंडीची एक बट कापली आणि जयवंताच्या ओल्या तळहातावर ठेवली.

"तुमच्या गावात याचा अर्थ काय व्हतो," तो म्हणाला, "ते मला ठाव हाय."

सगळं गाव तिच्या हाताकडे बघत होतं. थू थू करून बट पागोळीत सोडून दिली असती, तर कुणी तिला नावं ठेवली नसती. गावाची रीतच तशी.

जयवंतानं कुडात खोचलेली फणी काढली. दातांत अडकलेलं आपलं गुंतवळ सोडवलं. त्याची ती वळलेली बट त्यावर ठेवली, दोन्ही मिळून बोटाला गुंडाळली. एक वेढा. अजून एक. सुटू नये म्हणून टोक आत घातलं. थुंकली नाही. तशीच ती गुंडी कुडाच्या फटीत बोटानं खोलवर सारली, जिथं तिची आई आपली सारत असे.

"आबा," ती आत वळून म्हणाली, "पळसदरीला निरोप धाडा. कारन गावलं."

आत दगडावरचा वस्तरा थांबला. थोड्या वेळानं आबाजी उंबऱ्यात आला. त्यानं आधी लेकीचं डोकं पाहिलं, मग कारकुनाचं, आणि त्या उभ्या शेंडीवर त्याची नजर बराच वेळ राहिली.

"काय रं," तो शेवटी म्हणाला, "खालापुरात तुझा बाप वस्तरा कुठल्या दगडावर लावतो?"

"काळ्या. नदीतल्या."

"हं." आबाजीनं अंगठ्यानं धार तपासली. "दसऱ्याला येताना घेऊन यायला सांग त्याला. दगड बी… आन सुपारी बी."

पाऊस थांबला होता. हिरामणनं पागोटं उचललं, पण डोक्यावर घातलं नाही.