शेवंतीकाकीची सुरंगी

त्या संध्याकाळी विठ्ठल डिचोलीच्या बाजारात गेला तो आकाशकंदील आणायला. घरी आला तो सुताराकडून मागून आणलेलं ड्रिल मशीन घेऊन.

हसू नकोस, साईश. विठ्ठल मुळगावचा, शाळेत माझ्या बाकावर बसायचा. तेव्हाही दुसऱ्याच्या डब्यातलंच खायचा. गेल्या दिवाळीची गोष्ट, नरकासुराचे पुतळे जाळायची रात्र.

त्याच्या परसात सुरंगीचं झाड आहे. शेवंतीकाकीनं बी लावून वाढवलेलं. बी लावलं की दहा-पंधरा वर्षं फुलाचं नाव नाही, नुसतं पाणी घालायचं. ते तिनं घातलं. शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या सुमारास जुन्या फांद्यांना चिकटून कळ्या लागतात. त्या उजाडायच्या आत काढायच्या. ऊन लागलं की उमलतात, मग गजऱ्याला उपयोग नाही. काकी विधवा, मूलबाळ नाही. झाडाखाली या पुतण्याकडून चादर घालून घ्यायची आणि त्यालाच वर चढवायची. मातीत पडलेली कळी ती देवाला सोडच, गिऱ्हाइकालाही देत नसे. त्या गजऱ्यांवर हा शिकला, नोकरीला लागला. काकी गेली, घर याच्या नावावर झालं, आणि वर्षाच्या आत याला ते विकत घेणारा दिल्लीचा एक शेठ सापडला.

शेठला परसात पोहायचा तलाव हवा होता. पलीकडे मयेचं अख्खं तळं आहे, पण यांना स्वतःचा खड्डा लागतो. खड्ड्याच्या जागी सुरंगी. हिरवं झाड तोडायला परवानगी मिळेना, मेलेल्याला मिळते. म्हणून ड्रिल. आणि खाण बंद झाल्यापासून गंजत पडलेल्या ट्रकच्या बॅटरीतलं ॲसिड, बाटलीत भरून.

"पण मामा, नेमकी तीच रात्र कशाला?" तनयानं विचारलं.

कारण तुझ्या भावासारखे विद्वान त्या रात्री नरकासुरापुढे गाणी लावून नाचत असतात. ड्रिलचा आवाज कोण ऐकणार? एवढीच विठ्ठलची अक्कल, आणि असल्या कामाला तेवढी पुरते.

बायकोला म्हणाला, जुनाच कंदील लावून येतो. मागच्या दारानं बाहेर पडला. पहिलं भोक पाडलं. खोडातून पिवळा चीक आला. दुसरं पाडलं. नाक्यावर गाणी दणदणत होती. तिसरं पाडलं, बाटलीचं बूच काढलं...

गाणी थांबली.

जनरेटर बंद पडला असेल. पडतो. पण कुत्रीही गप्प झाली. रातकिडेही.

मग वास आला. सुरंगीचा. दिवाळीत.

तो म्हणतो, त्याला वाटलं बायको अत्तर लावून मागे आलीय. वळून बघणार होता. बघितलं नाही.

मागे कुणीतरी दातानं दोरा तोडला.

टक्.

थोडा वेळ काही नाही.

टक्.

काकी तसाच तोडायची. गजरा पुरा झाला की.

"मग?" साईश पुढे सरकला.

मग अगदी कानाजवळ, रोजच्यासारखं...

"बाबू, चादर घातलीस मा रे?"

...

पहाटे तुळशीपुढे मी कारीट फोडायला पाय उचलला, तर हा फाटकात उभा. अनवाणी. तोंडाला फेस. वर्षभर काकीचं नाव न काढलेला माणूस "काकी, काकी" करत होता. मला दया आली नाही. आजही येत नाही. सगळं ऐकून घेतलं आणि त्याला हाताला धरून परसात नेलं.

बाटली उभी होती. भरलेली. तो म्हणाला, मी ओतलंच नाही. म्हटलं, भोकं दाखव.

त्यानं टॉर्च मारला.

तिन्ही भोकांत सुरंगीच्या मिटलेल्या कळ्या ठासून भरल्या होत्या. ओल्या. वर फांद्या बघितल्या. नुसती पानं. असणारच, कळ्यांना अजून चार महिने होते.

सौदा मोडला. दुसऱ्या कुणाचं तरी झाड मारायला शेठ गेला. त्याला असले विठ्ठल गावोगाव मिळतात. सुरंगी उभी आहे. जा, बघून या.

"कुणीतरी खाली पडलेल्या वेचून भरल्या असतील, मामा," साईश म्हणाला. "कुठूनतरी."

मलाही तसंच म्हणायचं होतं, बाबा. म्हणून एक कळी काढून मी हातावर चोळली.

मातीचा कण नव्हता तिला.