फांदीवर कोण बसलं

पितरांच्या दिवसांत चिझुको क्योतोला गेली ती नवऱ्याला आणायला. तोमोयोशी वारला त्याला आठ महिने झाले होते. "यंदा क्योतो बघू," असं जन्मभर म्हणत राहिलेला माणूस, पण आपल्या गिफू गावाबाहेर काही पडला नाही.

देवळात तिनं रीतीप्रमाणे दोर आपल्याकडे ओढला. पितरांना बोलावणारी भिंतीआडची घंटा जमिनीखाली गेल्यासारखी घुमली. दाराशी बसलेल्या म्हातारीकडून तिनं हिरवी फांदी घेतली.

"यावर बसून येतील ते. आता सरळ घर गाठा, बाई. आणि फांदी खाली ठेवू नका. जागा दिसली की कुणीही बसतं."

इतक्या लांब येऊन सरळ घरी? चिझुकोला ते पटेना. भर उन्हात तिनं त्याला चढणीच्या गल्ल्या दाखवल्या, मातीच्या भांड्यांची दुकानं दाखवली. "अहो, बघितलंत का?" ती फांदीशी पुटपुटायची. लोक हसले तर हसोत. वाटेतल्या एका उंच मनोऱ्याचा फोटो काढण्यापुरती तिनं फांदी बाकावर ठेवली. परत उचलली तेव्हा ती जड लागली. हात दमला असेल, म्हणून तिनं ते मनावर घेतलं नाही.

चहाच्या दुकानात मालकिणीनं न विचारता तीन पेले मांडले.

चिझुकोचे डोळे भरले. "म्हणजे... हे दिसतात तुम्हाला?"

"दिसतात की. घाम पुसतायत." मालकिणीचा आवाज खाली गेला. "त्या बाई मात्र बसत नाहीत. मघापासून यांच्या मानेशी तोंड नेऊन उभ्या आहेत..."

"कोण बाई?"

मालकीण आत निघून गेली.

चिझुकोचा जीव थाऱ्यावर राहिना. फांदी इथंच टाकावी, तर तोमोयोशीही या परक्या गावात राहणार. तीनदा ती फांदी ठेवायला उठली, तीनदा बसली. शेवटी तिनं ती छातीशी धरली आणि गाडी पकडली.

दार उघडून "आलो हो घरी," म्हणत तिनं चपला वेड्यावाकड्या भिरकावल्या आणि धावत जाऊन फांदी त्याच्या फोटोपुढे ठेवली. मागं दाराशी पुरुषी बूट पडल्याचा आवाज झाला, एक, मग दुसरा. तिला रडू फुटलं. आला होता तो.

डोळे पुसून ती वळली. दाराशी बूट नव्हते, नुसत्या तिच्या चपला होत्या. निघणाऱ्या पाहुण्यासाठी घरची बाई लावून ठेवते तशा, टाचेला टाच जुळवून, दाराकडे तोंड करून.