हत्तीबावीचे हत्ती

"शिवराज, ही डोण माझ्या गुडघ्याएवढी. हिच्यात हत्ती पाणी प्यायचे?" संस्कृती वाकून वीत टाकत म्हणाली.

"बोर्डावर लिहिलंय की," शिवराज म्हणाला.

दुधनीच्या रस्त्याला, हत्तीबावीच्या फाट्यावर, कोरा करकरीत बोर्ड उभा होता. 'येथे राजाचे हत्ती पाणी पीत. म्हणून गावाचे नाव हत्तीबावी.' बोर्डामागे जुनी विहीर होती आणि विहिरीभोवती जनावरांना पाणी पाजायच्या बारा दगडी डोणी.

संस्कृती मे महिन्याच्या सुट्टीत सोलापूरहून मामाकडे आली होती. एकदा डोक्यात काही शिरलं की ही पोरगी सोडायची नाही. घरात सगळे तिला 'हट्टी' म्हणायचे आणि तिच्या नाकावर राग यायचा. शिवराज तिचा मामेभाऊ, आठवीतला. त्याची बहीण सुकन्या पाचवीत, पण तोंड दहावीचं.

"दोन घागरींत भरते ही डोण," सुकन्या म्हणाली. "पहिला हत्ती एका घोटात संपवील. मग बाकीच्यांना काय, उद्या या म्हणायचं?"

"आणि ही बघ," संस्कृतीने कडेची डोण दाखवली. ती जेमतेम घोट्याएवढी होती.

तेवढ्यात शांतम्मा मेंढ्या घेऊन आली. पलीकडच्या माळावर तिची वस्ती. तिने पोहऱ्याने पाणी शेंदून डोणी भरल्या.

"प्या गं बायांनो," ती मेंढ्यांना म्हणाली. "सोमवारपासनं हितं पानी न्हाय."

"का हो, शांतम्मा?" शिवराजने विचारलं.

"सरपंच डोणी फोडनार हायती. हीर झाकून वर सिमेंटचा हत्ती बसवायचा म्हनं. दुसरं पानी दोन कोसावर. ह्या उन्हात कोकरं तितवर चालत्याल व्हय? कळप इकावा लागंल मला." एवढं बोलून तिने पदर डोळ्याला लावला. 

शांतम्माचा फोन वाजला. लेकाचा होता. "व्हय, आलो की. कुरी हट्टिगि बंदावु," ती कानडीत म्हणाली.

संस्कृतीचे कान टवकारले. "मला हट्टी म्हणालात?"

शांतम्मा रडता रडता हसली. "तुला न्हाय, यव्वा. कुरी म्हंजे मेंढ्या. हट्टी म्हंजे मेंढ्या बसायची जागा, धनगराची वस्ती. आमच्या म्हाताऱ्यांनी ही बावी खांदली, तवा हट्टी हितंच हुती."

"हट्टीबावी!" संस्कृती ओरडलीच. "आणि कानडीत हत्तीला काय म्हणतात?"

"आने. हत्ती म्हंजे कापूस की."

तिघं तडक सरपंच गुरुलिंगअण्णांकडे गेली. अण्णा माणूस चांगला, पण घाईचा; गावाचं नाव चुकलंय, एवढंच त्यांनी ऐकून घेतलं. "बोर्ड रंगवून झाला, उद्या कार्यक्रमाला पाहुणे येणार," ते म्हणाले. "खेळा जावा."

शिवराजचा चेहरा पडला. संस्कृतीचा नाही पडला. ती अगदी गरीब गाय होऊन म्हणाली, "बरं अण्णा. मग उद्या गावाच्या नावावर मी दोन शब्द बोलू?"

पोरांची भाषणं म्हणजे अण्णांचा जीव. "बोल की, लई झ्याक!"

रविवारी विहिरीजवळचा मांडव भरला. टेम्पोत सिमेंटचा हत्ती दोरीने बांधून उभा होता आणि डोणींपाशी दोन माणसं पहारी घेऊन बसली होती. संस्कृती बोलायला उभी राहिली.

"अण्णा, तुम्ही घरी कानडी बोलता ना? मग सांगा, कानडीत हत्तीला काय म्हणतात?"

"आने," अण्णा ऐटीत म्हणाले.

"आणि बावी म्हणजे?"

"विहीर. हे बी काय इचारनं झालं?"

"म्हणजे नाव कानडी. मग इथे हत्ती पाणी प्यायचे, तर गावाचं नाव आनेबावी नको का?"

 मागून एक म्हातारा म्हणाला, "हत्ती म्हंजे कापूस. कापूस कधीपासनं पानी प्याया लागला, अण्णा?" मांडव हसला.

"मूळ नाव हट्टीबावी," संस्कृती म्हणाली. "कुणीतरी मराठीत लिहिताना ट चा त केला. पाणी कोण प्यायचं ते आत्ता दिसेल."

बारा वाजले होते. पोरांनी आधीच सगळ्या डोणी भरून ठेवल्या होत्या. माळावरून शांतम्माचा कळप आला आणि गर्दीला न जुमानता सरळ डोणींवर गेला. मोठ्या मेंढ्यांची तोंडं कडेला बरोबर टेकली. मागून कोकरं धावत आली आणि त्या घोट्याएवढ्या डोणीपाशी गोळा झाली.

"कोकरांसाठी वेगळी डोण," पाहुणे हळूच म्हणाले. "केवढी माया असेल त्या माणसांना."

अण्णा उठून डोणींपाशी आले. मग पहारवाल्यांना म्हणाले, "उठा रं. घरला जावा. डोणी ऱ्हातील, हीर बी ऱ्हाईल." ते शांतम्मापुढे गेले आणि त्यांनी हात जोडले. "माझीच भाषा, आन् मीच इसरलो. चुकलो, शांतम्मा."

सिमेंटचा हत्ती शाळेच्या मैदानात गेला. आता सुकन्याच त्याच्यावर जास्त वेळ असते. बोर्डावर गावाच्या नावातला 'त्त' अण्णांनी स्वतः खोडून 'ट्ट' केला आणि राजाच्या हत्तींच्या जागी धनगरांच्या मेंढ्या लिहिल्या. अक्षर जरा वाकडं आलं, पण कुणी नावं ठेवली नाहीत.

संस्कृती सोलापूरला निघाली तेव्हा शांतम्मा फाट्यावर उभी होती. तिने एक कोकरू संस्कृतीच्या हातात दिलं.

"ही परवा जन्मली. नाव ठिवलंय हट्टी. तुज्यावरनं."

या वेळी संस्कृतीला राग आला नाही. तिने कोकराला छातीशी धरलं आणि बस आली तरी खाली सोडलं नाही.