खिडकीतली मान

"त्या खिडकीतली बाहुली हलते! मी माज्या डोल्यानी बगलंय," शेजारची इंदुबाई माझ्या फॉल-पिकोच्या दुकानाच्या पायरीवर बसून सुपारी कातरता कातरता म्हणाली. "सकाली तिचं तोंड देवलाकडं, दुपारी तुज्या दुकानाकडं. भूत हाय गो तेजल!"

"भूत नाय, भाडेकरू आहे. समोरच्या माडीवरचा तो कैलास वळवत असेल तिला."

"लाव पैज!"

"लावली! आपोआप हलली तर मी हरले, त्यानं वळवली तर तू. हरेल तिनं दुसरीचं ऐकायचं. इथंच, भर चौकात."

मी अशा गोष्टींना एका पायावर तयार. चाळिशी ओलांडली, लग्न राहून गेलं, पण खोडी मात्र एकही राहिली नाही. अख्ख्या बदलापूर गावात माझ्या तडाख्यातून सुटलेला माणूस दाखवा, चहा पाजते.

तेवढ्यात दारात सावली पडली. तोच... कैलास.

"गोल इलास्टिक आहे? ओढलं तरी न तुटणारं?"

"कशाला? लेंगा घसरतोय?"

तो हसला नाही. "मान सैल झालीय."

"तुमची?"

"तिची." त्यानं वर बोट दाखवलं.

खिडकीत दोन वीत उंचीची बाहुली बसली होती. डोळे अजून बसवलेच नव्हते, नुसत्या खोबण्या. आणि त्या खोबण्या सरळ माझ्याकडे रोखलेल्या. इंदुबाईचा अडकित्ता थांबला.

"जाडी बघायला हवी," मी म्हटलं. "मीच येते घेऊन."

दुपारी गेले. खोलीत भाजलेल्या प्लास्टिकचा गोडसर वास. तारेवर छोटे छोटे हात वाळत घातल्यासारखे लटकलेले. ओव्हनच्या काचेमागे एक टक्कल पडलेलं डोकं लाल उजेडात शेकत होतं.

"बसा ना."

"कुठं? ही सगळी मंडळी बघतायत."

आता हसला. गालात, थोडंसं. "आधी उल्हासनगरला साड्यांच्या दुकानांतले पुतळे रंगवायचो. सगळ्या बायांना एकच चेहरा. मग वाटलं, एक तरी अशी करावी, जी कुणासारखी तरी दिसेल..."

त्यानं माझं इलास्टिक बाहुलीच्या पोकळ अंगातून ओवलं. गुडघ्याची गोळी खोबणीत बसली, कोपराची बसली, शेवटी मान. गाठ मारायला मी बोट धरलं. त्याची बोटं माझ्या बोटावर क्षणभर थांबली... जरा जास्तच थांबली.

"गाठ बसली की," मी म्हटलं.

"हो ना," तो म्हणाला, पण बोट काही सोडलं नाही.

त्यानं तिला खिडकीत ठेवलं, आम्ही लांब होऊन चहा घेतला. आणि — कर्रर्र. मान फिरली. आपोआप! माझा अर्धा चहा साडीवर.

"नवं इलास्टिक आहे," तो घाईघाईनं म्हणाला. "ताण बसेपर्यंत अंग आळोखेपिळोखे देतं."

"मग दरवेळी माझ्याच दुकानाकडे कसं देतं?"

त्याचे कान लाल. "ते... ते मी वळवतो."

इलास्टिकचा तो एक झटका सोडला तर मी पैज जिंकले होते! पण खाली जाऊन सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी परत गेले. तिसऱ्याही. कधी दोरा न्यायचा, कधी बटण. तो तिच्या तोंडावर चढवलेल्या मऊ क्लेवर सुईनं रेघा ओढायचा आणि मी बडबडायचे. हळूहळू त्या चेहऱ्याला माझं नाक आलं, हनुवटी आली. अंगावर काटा यायचा, तरी पाय तिकडेच.

शेवटी डोळे बसले. मी बघितलं. मीच होते. पण हसत नव्हते.

"मी अशी नाही दिसत."

"दिसता. दुकान बंद करताना. कोणी बघत नाही असं वाटतं तेव्हा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं माझा हात धरला. तोंडाशी शब्दही आला होता... आणि खालून इंदुबाई ओरडली, "काय गो तेजल! कोन हलवतं, कललं का? पैज संपव की!"

कैलासचा हात सुटला. "पैज?"

"अहो, ती आधीची—"

"म्हणजे रोज येत होतात ते..." तो उठला. "तुमच्या खोड्यांबद्दल ऐकलं होतं. माझ्यावर नाही करणार असं वाटलं होतं."

कितीही सांगितलं तरी खोड्या करणारीवर विश्वास ठेवणार कोण? त्यानं बाहुली सवयीनं दुकानाकडे तोंड करून खिडकीत ठेवली, मला बाहेर काढलं, दाराला कुलूप लावलं आणि पायऱ्या उतरला. अंबरनाथला मित्राकडे खोली बघायला चाललो म्हणाला.

मी त्याच्यामागोमाग चौकात आले. इंदुबाई कमरेवर हात ठेवून उभी. भाजीवाल्या, रिक्षावाले, सगळे जमलेले. 'तोच वळवतो' एवढं म्हटलं की मी जिंकणार आणि कैलासचं मन चव्हाट्यावर येणार. मग बाजार त्याला आयुष्यभर चिडवणार. मी ठरवलं, खोटं बोलायचं. हरायचं.

तोंड उघडलं आणि सहज वर नजर गेली.

माडी बंद. कुलूप लावलेलं. कैलास माझ्यापासून चार हातांवर. आणि खिडकीत ती... दुकानाकडे नाही, चौकाकडे बघत होती. खाली. त्याच्याकडे.

कैलासनंही बघितलं. चेहरा पांढराफटक.

"इंदुबाई," माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, "मी हरले. ती आपोआप हलते."

"बगा! बोलले होते का नाय!" इंदुबाईनं टाळी वाजवली, मग माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. हळूच म्हणाली, "आता माजं ऐक. सगल्यांसमोर एकदा तरी खरं बोल. मस्करी नाय करायची. पोटातलं बोल."

याच्यापेक्षा कोंबडा व्हायला सांगितलं असतं तर बरं.

"पैजेसाठी गेले होते," मी म्हटलं. "पहिल्या दिवशी. नंतर गेले ते... मला कैलास आवडतात म्हणून."

अख्खा चौक हसत सुटला. शिट्ट्या, टाळ्या. "तेजलताईची नवी खोडी!" राजू रिक्षावाला ओरडला.

मला हसूच येईना. मी नुसती उभी. एकेक करून सगळे गप्प झाले.

कैलास गर्दीतून पुढे आला. माझ्या तोंडाकडे बघत राहिला. दुकान बंद करतानाचा तो चेहरा सापडावा तसा.

"परत बोल गो," इंदुबाई म्हणाली, "त्याला ऐकू नसंल आलं."

"आलं," कैलास म्हणाला. "तरी परत बोला."

मी परत बोलले. या खेपेला कोणी हसलं नाही.