रघूची खुंटी

लालबागला आमच्या चाळीत शेवटची खोली कोकणातल्या एका गावची आहे. गावचे पुरुष भाडं वाटून घेतात आणि तिथं राहतात. कपाट वगैरे काही नाही. भिंतीवर ज्याची त्याची खुंटी, खुंटीला ज्याची त्याची पिशवी. कारभार सगळा दगडूकाकांकडे.

रघु शिवडीला गोदामात कामाला. त्याचा हिस्सा थकत गेला. विचारलं की हसायचा. "देतंय मां काका, पळान जातंय काय?"

त्याचा भार बाकीच्यांवर पडायला लागला, मालक खोली खाली करायची भाषा करू लागला. त्यात एका सकाळी रघु न सांगताच बाहेर पडला. काकांचं डोकं फिरलं. त्यांनी त्याची पिशवी खुंटीवरून काढली आणि दाराबाहेर ठेवली.

पाण्याला निघालेला खोलीतलाच भिवा जागीच थांबला. "काका, माणूस मेल्यावर पिशवी काढतत."

"म्हायती आसा माका. जरा धाक बसांदे."

तिन्हीसांजेला रघु आला. पिशवी ओलांडून आत शिरला आणि कोपऱ्यात आपल्या खुंटीखाली भिंतीकडे तोंड करून बसला. लादी कोरडी होती, तरी खोलीत ओल्या मातीचा वास पसरला. वर पंखा जोरात फिरत होता. त्याच्या शर्टाची कड मात्र हलत नव्हती.

"रघ्या... राग इलो काय रे?"

काकांनी गुपचूप पिशवी आणून परत खुंटीला अडकवली. ती घसरून खाली पडली. पुन्हा अडकवली, पुन्हा पडली.

भिवानं ताटं मांडली. "रघ्या, जेवूक बस." त्यानं मान न वळवताच ताट ओढून घेतलं.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. नाव रघूचं होतं.

"काका, मी गावाक इलंय, आयेकडसून पैसे घेऊक. उद्या घेऊन येतंय. माझी जागा कोणाक देव नकात."

काका कोपऱ्याकडे बघत राहिले. तिथं बोटं भातातून सावकाश फिरत होती.

"रघ्या... तू जेवलंस?"

"आये केव्हाची वाढून बसलीहा. पण घास उतरत नाय, काका... पोट भरल्यासारखां वाटतां."

कोपऱ्यातलं रिकामं ताट भिवाच्या दिशेनं सरकलं. तिथं बसलेल्याला अजून भात हवा होता.