वेंडेलचा रेडिओ

फोन करणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच गोष्ट सांगायचे, "रेडिओचा आवाज बंद करा." आमचं बोलणं हवेत जायला मुद्दाम काही सेकंदांचा उशीर केलेला असतो. कुणी शिवी हासडली तर तेवढ्या वेळात बटण दाबून ती कापता येते. पण फोनवाल्याच्या घरात रेडिओ चालू राहिला तर त्याला मघाचंच बोलणं पुन्हा ऐकू येतं. मग तो गोंधळतो, अडखळतो आणि "हॅलो, हॅलो" करत बसतो.

अमेरिकेत, डुलुथमध्ये भौतिकशास्त्राची पदवी घेतल्यावर पुढच्या प्रवेशाची वाट बघता बघता मी या नोकरीत शिरले. खेळांवरचा सकाळचा कार्यक्रम होता. काचेच्या पलीकडे गॉर्डी लुंडक्विस्ट आणि टेस मार्केटी बसायचे. गॉर्डी साठीचा, एके काळचा हॉकीचा गोलकीपर, दोन्ही गुडघे कामातून गेलेला. टेस त्याच्या निम्म्या वयाची आणि त्याला अजिबात न घाबरणारी. काचेच्या अलीकडे मी एकटी. फोन घ्यायचे, माणूस प्यायलेला नाही ना ते बघायचं, त्याचा पेच एका ओळीत टाइप करून आत पाठवायचा. आत त्याच्यावर यथेच्छ थट्टा व्हायची, मग गॉर्डी गळ्यातली शिट्टी वाजवून निकाल द्यायचा. तो निकाल पाळायचा, हा कार्यक्रमाचा नियम होता. लोक खरंच पाळायचे.

त्या सोमवारी पहिला फोन एका प्लंबरचा होता. सासू त्याच्या खुर्चीत बसली की संघ जिंकत होता, आणि आता सासूबाई फार्गोला परत जायचं म्हणत होत्या.

"तुला सासू आवडते का?" गॉर्डीने विचारलं.

"ती इथेच बसलीये हो."

"म्हणजे नाही." शिट्टी वाजली. "प्लेऑफचे सामने संपेपर्यंत सासू राहणार."

"आणि हरलो," टेस म्हणाली, "तर फार्गोला तू जायचंस."

दुसरा फोन वेंडेलचा. म्हातारा, सावकाश बोलणारा आवाज. सरोवरावरच्या बर्फावरून बोलतोय, म्हणाला. हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरावर मासेमारीची खोपटी उभी राहतात. त्यात शेगडी आणि रेडिओ असतो, आणि खाली बर्फाला पाडलेली भोकं. आमचे निम्मे श्रोते सकाळी तिथेच असतात.

"खोपटं कुठलं तुमचं?" मी विचारलं.

"शेवटचं. त्याच्यापुढे पाणी आहे."

"रेडिओ बंद करा हं, काका."

"करतो," तो म्हणाला. केला नाही.

त्याचा पेच असा होता. खोपट्यात दोन भोकं, एक त्याचं आणि एक भागीदाराचं. भागीदार या वर्षी आलेला नाही. पण मासा लागतो तो भागीदाराच्याच भोकाला. तो मासा कुणाचा?

टेस म्हणाली, "माशाला विचारलंत का?" गॉर्डी खो खो हसला. तो हसत असतानाच माझ्या हेडफोनमध्ये, वेंडेलच्या आवाजामागून, बारीक शिट्टी वाजली. पत्र्याच्या डब्यातून यावा तसा गॉर्डीचा आवाज आला, "मासा तुझा. पण पहिला घास पाण्यात टाक."

मी काचेतून आत बघितलं. गॉर्डी अजून हसत होता. शिट्टी छातीवर लोंबकळत होती. मग त्याने ती उचलली, वाजवली आणि म्हणाला, "मासा तुझा. पण पहिला घास पाण्यात टाक."

कार्यक्रम संपल्यावर मी रेकॉर्डिंग काढलं. मागचा आवाज आणि स्टुडिओतला आवाज यांच्या लहरी एकाखाली एक ठेवल्या. 'घास' म्हणताना गॉर्डीचा घसा किंचित खरखरला होता. ती खरखरसुद्धा जुळत होती. कुणी नक्कल केली असती तर इतकी जुळली नसती. जुनं रेकॉर्डिंग म्हणावं तर हा निकाल आधी कधी दिलेला नव्हता. फोनच्या तारेतला प्रतिध्वनी म्हणावा तर प्रतिध्वनी मूळ आवाजाच्या आधी येत नाही. हे सांगायला पदवी लागत नाही.

मी कुणाला काही बोलले नाही. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, असं मला शिकवलेलं आहे.

दोनच दिवसांनी वेंडेलचा फोन पुन्हा आला, तोपर्यंत मी तयारीत होते. निकालानंतर एखादा मजेशीर आवाज सोडायचं काम माझं असायचं. ठरवलं होतं, वेंडेलच्या निकालानंतर नाणं उडवायचं. छापा पडला तर गायीची घंटा, काटा पडला तर बदक. मलाच माहीत नसलेली गोष्ट त्याच्या रेडिओला कशी कळते, ते बघायचं होतं.

"भागीदाराच्या भोकावर बर्फ धरत नाही," वेंडेल सांगत होता. "सकाळी येतो तेव्हा उघडंच असतं. बुजवून टाकू का?"

"भागीदार आहे कुठे पण?" टेसने विचारलं.

"ते मी तुम्हाला कसं सांगू," वेंडेल म्हणाला.

मग थट्टा सुरू झाली. गॉर्डी भागीदाराच्या भोकाचं भाडं ठरवू लागला. त्याचा निकाल अजून दूर होता आणि वेंडेलच्या मागे तो कधीच देऊन झाला होता. "बुजवू नकोस. त्याची जागा आहे ती." त्यानंतर तिथे बदकही ओरडलं.

नाणं माझ्या मुठीत होतं. मी ते उडवलंच नाही. गॉर्डीची शिट्टी वाजली, "बुजवू नकोस. त्याची जागा आहे ती," आणि मी मुद्दाम घंटेच्या बटणाकडे हात नेला. बोट टेकायच्या आत बदक ओरडलं. टेसने तिच्या बाजूचं बटण दाबलं होतं. एरवी ती त्या बटणांना हातही लावत नसे.

"का गं?" मी नंतर विचारलं.

"काय की. आज बदकाचा दिवस वाटला." तिने माझ्याकडे नीट बघितलं. "तुझा चेहरा असा का झालाय? बदकाला मेलं काय झालं?"

गुरुवारी वेंडेलचा तिसरा फोन आला. तो मी आत जाऊ दिला नाही.

"आज पेच रेडिओचाच आहे," वेंडेल म्हणाला. आवाज दमल्यासारखा होता. "तुमचा कार्यक्रम लावलाय. पण बाई एकटीच बोलतेय. तो शिट्टीवाला नाही. बाई आज विनोदही करत नाही. ऐकत राहू की बंद करू?"

त्याच्या मागे टेस बोलत होती. शब्द तुटक येत होते. "...आज मी एकटीच आहे... तुम्ही ऐकताय असं धरून मी बोलत राहते..." मधल्या शांततेत गॉर्डीचा खोकला नव्हता, खुर्चीची करकर नव्हती.

काचेपलीकडे दोघंही डोनट वाटून खात होते.

"काका, हे कुठल्या दिवसाचं आहे?" मी विचारलं.

"तुम्हीच सांगा. कार्यक्रम तुमचा आहे."

मी फोन कापला. निकाल न देता फोन कापलेला तो पहिलाच.

त्या शुक्रवारी मासेमारीची स्पर्धा होती. त्या दिवशी गॉर्डी सरोवरावरच्या खोपट्यातून बोलायचा आणि टेस स्टुडिओतून, ही दर वर्षीची पद्धत. म्हणजे टेस स्टुडिओत एकटी. मी आणखी विचार केला नाही. गॉर्डीला जेवणघरात गाठलं आणि तिन्ही रेकॉर्डिंग ऐकवली.

त्याने शेवटचं दोनदा ऐकलं. "यात मी नाहीच," तो म्हणाला.

"म्हणूनच दाखवतेय. तुम्ही बर्फावर जाऊ नका."

"प्रोफेसरबाई, तुम्ही भुताखेतांवर कधीपासून विश्वास ठेवायला लागलात?"

"मी कशावरच ठेवत नाही. ज्याचा खुलासा होत नाही तिथून लांब राहायला सांगतेय."

त्याने कागदी पेला बाजूला सारला. मग त्याने शिट्टी ओठांना लावली, वाजवली मात्र नाही. "निकाल," तो हळूच म्हणाला. "हा म्हातारा स्टुडिओत बसणार." टेसला त्याने गुडघ्याचं कारण सांगितलं. ती खूशच झाली. कित्येक वर्षं तिला बर्फावरून बोलायचं होतं, आता तिची पाळी आली. तिला खरं कारण मी सांगितलं नाही. धोका गॉर्डीला आहे असं मला वाटत होतं, आणि ते तर्काला धरून होतं.

शुक्रवारी सकाळी वारा फिरला. जमिनीकडून सरोवराकडे वाहू लागला, आणि आठ वाजून गेल्यावर बर्फाला किनाऱ्याला समांतर चीर पडली. टेस बोलत असताना मागे बंदुकीसारखा आवाज झाला.

"गॉर्डी, हा आमच्याकडचाच आवाज होता," ती म्हणाली. मग, "गॉर्डी? तुमचं काही ऐकू येत नाहीये."

आम्हाला तिचं सगळं ऐकू येत होतं. तिच्या कानातला हेडफोन मात्र बंद पडला होता. अशा वेळी काय करायचं ते गॉर्डीनेच तिला शिकवलं होतं. कान बंद पडला तरी तोंड बंद करायचं नाही, कारण आपण हवेत आहोत की नाही हे आपल्याला कळत नसतं. ती बोलत राहिली. चीर केवढी रुंद आहे, कुठल्या खोपट्यात किती माणसं आहेत, वारा कुठून येतोय. बचाव पथकाने तिचा आवाज लावूनच बोटी सोडल्या.

"इथे माणसं पुष्कळ, कुत्री दोन आणि मासे शून्य," ती वाऱ्यात ओरडत होती. "स्पर्धा मी जिंकले असं जाहीर करते. कुत्र्यांची हरकत नाही."

गॉर्डी दोन्ही हात टेबलावर ठेवून उभा होता. तो पूर्ण वेळ बसला नाही.

सगळे परत आले. टेस शेवटच्या बोटीत होती. घोंगडी लपेटून स्टुडिओत आली तेव्हा पहिलं वाक्य तिचंच होतं. "शेवटच्या खोपट्यातला म्हातारा आला ना?"

पथकाच्या हिशेबात सगळी माणसं लागली होती. शेवटचं खोपटं रिकामं निघालं होतं.

"अरे, होता," ती म्हणाली. "त्याच्या रेडिओवर तुमचं सगळं ऐकू येत होतं मला. आवाज वाढव म्हटलं, त्याने वाढवला. त्याने मला त्याचा पेचपण विचारला. ऐकत राहू की बंद करू. मी म्हटलं, ऐकत राहा."

"काय ऐकलंस तू?" मी विचारलं.

तिने घोंगडी आणखी घट्ट ओढून घेतली. मग म्हणाली, "कॉफी मिळेल का कुणाकडून?"

मला वाटलं, झालं ते हेच. वेंडेलच्या फोनात मी जे ऐकलं होतं ते टेसचं बर्फावरचं बोलणं होतं. मी उलटा अर्थ लावला आणि तिला तिथे पाठवलं. शनिवारी, मनाला टोचत होतं म्हणून, मी शुक्रवारचं रेकॉर्डिंग आणि वेंडेलचा तिसरा फोन शेजारी शेजारी लावून तपासले.

जुळले नाहीत.

शुक्रवारच्या टेसमागे वारा होता आणि ती सारखी विनोद करत होती. वेंडेलच्या फोनातल्या टेसमागे वारा नव्हता. मागची शांतता वाढवून बघितली. एक बारीक घरघर होती, आमच्या स्टुडिओच्या छतातल्या पंख्याची. ती मी रोज ऐकते.

सोमवारी टेस कामावर आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कार्यक्रम छान चालला होता. मी घड्याळाकडे बघणार नव्हते, पण नजर गेली. गॉर्डीच्या विनोदांवर टेस हसत होती ती विनोद संपायच्या किंचित आधी.

मंगळवारी ती विनोद सुरू व्हायच्या आधी हसली. गॉर्डी चक्रावला. "अगं, अजून सांगितला नाही मी."

"सांगितलास की," ती म्हणाली.

बुधवारी तिने एका फोनवाल्याला उत्तर दिलं. त्याचा फोन अजून लागायचा होता.

मी गॉर्डीला बाहेर बोलावलं. "दवाखान्यात जा. हृदय, रक्त, सगळं तपासून घ्या. आजच."

"गेलो होतो," तो म्हणाला. "काल. त्या रेकॉर्डिंगमध्ये मलाही पंखा ऐकू आला. गोलकीपरचे कान आहेत हे. सगळं ठीक आहे म्हणाले."

"मग काही दिवस येऊ नका."

"आणि घरी कुठे बसू? तिथे रेडिओ आहे." तो हसला, पण माझा दंड त्याने घट्ट धरला होता.

आज सकाळी टेस काळा स्वेटर घालून आली, अंत्यविधीला घालतात तसा. मला नमस्कार केला नाही. गॉर्डी कालच्या सामन्याबद्दल बोलत होता, दुसऱ्या गोलबद्दल, हात हवेत नाचवत. रंगात आला होता.

टेस त्याच्याकडे वळली.

तिने हात लांब केला, त्याच्या माईकचा दांडा अलगद उचलला आणि भिंतीकडे दुमडून ठेवला. कुणी नसलेल्या खुर्चीचा ठेवतो तसा.

गॉर्डी बोलता बोलता थांबला. ती त्याच्या छातीच्या उंचीवर बघत होती. तिथे फक्त खुर्चीची पाठ दिसत असावी तसं.

मग तिने स्वतःचा माईक जवळ ओढला. "आज मी एकटीच आहे," ती म्हणाली.

गॉर्डी काहीतरी म्हणाला. माईक भिंतीकडे होता, त्यामुळे ते हवेत गेलं नाही. काचेतून मला त्याच्या ओठांवरून एवढंच कळलं, "माझं अजून संपलं नाहीये."