ओढ्याकडून आलेले तीन ठोके

तुमचा असल्या गोष्टींवर विश्वास नसेल, तर नसू दे. माझाही नव्हता. पण हे माझ्या सख्ख्या भावाचं आहे. यात मी पदरचं एक अक्षरही घालणार नाही.

अमेरिकेत उत्तर डाकोटातलं आमचं शेत. जानेवारीतली दुपार.

आमच्या कुरणावरच्या दलदलीतून एक छोटासा ओढा निघतो. आमच्या घराला वळसा घालून तो विलोच्या झाडीत शिरतो आणि पुढे शेजारच्या बोर्घिल्डकाकूंच्या शेताकडे जातो. दोन घरांमध्ये तो ओढा, बाकी नुसतं गवत आणि आभाळ.

माझा भाऊ अर्विड झाडीतल्या गाई आणायला निघाला, तेव्हा आईने हटकलं.

"आभाळ बघ की मेल्या!"

"आलोच गं. कॉफी चुलीवरच राहू दे."

अर्ध्या तासात बर्फाचं वादळ आलं. समोर धरलेला हात दिसेना.

अशा वेळी आमच्याकडे दारात उभं राहून घमेलं बडवतात. चुकलेला माणूस त्या आवाजाच्या रोखाने येतो. आवाज थांबला, तर त्याने आहे तिथेच बसायचं. भटकायचं नाही. आणि तो एखाद्या घरी पोचला, की त्या घराने सावकाश तीन ठोके द्यायचे. म्हणजे इतरांनी समजायचं, सापडला.

बाबा बडवत होते. ओढ्याच्या खालच्या अंगाने काकूंचंही घमेलं ऐकू येत होतं.

मग काकूंचा आवाज बंद पडला.

आणि...

ठण्.

ठण्.

ठण्.

"पोचला गं बाई!" आई मटकन खाली बसली.

बाबांनी घमेलं ठेवलं. "आता बोर्घिल्ड त्याला खाऊ घालून लठ्ठ करूनच पाठवेल."

आम्ही हसलो. हो, हसलो.

वारा रात्रभर घोंघावला. सकाळी लख्ख ऊन पडलं. गाई आपल्या आपण कुंपणाशी येऊन उभ्या होत्या. बाबा आणि मी गोठलेल्या ओढ्यावरून त्याला आणायला निघालो.

झाडीपाशी समोरून काकू येताना दिसल्या. हातात पावाची टोपली.

"उठला का तो लबाड? काल जीव टांगणीला लावला होता माझा!"

बाबा थबकले. "बोर्घिल्ड, थट्टा पुरे. तुझ्याकडेच आहे ना तो?"

"माझ्याकडे? अरे गुन्नार, तीन ठोके तर तुम्ही दिलेत... म्हणून तर मी थांबले!"



तुम्हाला कळलं ना? त्यांना ते आमच्याकडून ऐकू आले. आम्हाला त्यांच्याकडून.

मध्ये फक्त ओढा होता.

माघारी येताना आमच्या वळणावर तो दिसला. काठाच्या आडोशाला, पाठ टेकून बसलेला. जाताना आम्ही त्याच्याजवळूनच गेलो होतो, पण काठाआड तो दिसला नव्हता. तिथून आमचं धुराडं दिसत होतं. आणखी थोडा वेळ आवाज आला असता, तर तो दारात असता.

आवाज थांबला, म्हणून तो बसला. लहानपणापासून शिकवलं होतं तसा.

त्याच्याजवळ वाजवण्यासारखं काही नव्हतं. आजूबाजूच्या बर्फावर दुसऱ्या कुणाची पावलंही नव्हती...

ते ठोके कुणी दिले, मला आजही माहीत नाही.

आईने मात्र ते कधीच विचारलं नाही. ती मरेपर्यंत मला एकच विचारत राहिली.

"आम्ही थांबल्यावर, किती वेळ वाट बघितली असेल गं त्याने?"